ईएफ ६० टक्के, तरी दम का लागतो?

डायबेटिस असलेल्या माणसाच्या हाती टू-डी इकोचा रिपोर्ट आला की घरातले सगळे त्यात एकच आकडा शोधतात. ईएफ. तो ५५ किंवा ६० दिसला की ‘पंपिंग चांगलं आहे’ असं म्हणत कागद फाइलमध्ये जातो. त्याच कागदावर तीन-चार ओळी खाली ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन’ असं काहीतरी छापलेलं असतं. बहुतेक जण ती ओळ वाचतच नाहीत. जे वाचतात ते मोबाइलवर शोधायला जातात, समोर ‘हार्ट फेल्युअर’ (हृदयाचं काम शरीराच्या गरजेला पुरेनासं होणं) हे शब्द येतात आणि रात्रीची झोप उडते.

दोन्ही टाळता येतं, पण त्यासाठी एक गोष्ट नीट कळायला हवी. डायबेटिसमध्ये हृदयाचं आकुंचन पावण्याचं काम बरीच वर्षं ठीक चालतं. आधी बिघडतं ते सैल होण्याचं काम. ईएफ फक्त आकुंचनाबद्दल बोलतो. म्हणजे ज्या आकड्यावर आपण सगळा भरवसा टाकतो, तो या आजारात बऱ्याच उशिरा हलतो.

ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात, ज्याला रिपोर्टमध्ये एलव्ही म्हटलेलं असतं, जेवढं रक्त भरलं त्यातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर गेलं, एवढंच तो सांगतो. समजा कप्प्यात १२० मिलिलिटर रक्त भरलं आणि त्यातलं ७२ मिलिलिटर बाहेर फेकलं गेलं. ईएफ झाला ६० टक्के. मिनिटाला ७० ठोके धरले तर शरीराला पाच लिटरहून थोडं जास्त रक्त मिळालं. छान.

आता दुसरं हृदय घ्या. भिंती जाड, ताठ, कप्पा आतून आखडलेला. त्यात भरलंच मुळी ८० मिलिलिटर. त्यातलं ४८ बाहेर गेलं. ईएफ पुन्हा ६० टक्केच, पण मिनिटाचा हिशेब साडेतीन लिटरच्याही खाली उतरला. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. प्रत्यक्षात शरीर अशी तूट सहजासहजी पडू देत नाही. ते ठोके वाढवतं, आणि ताठ कप्प्यात रक्त कोंबून भरण्यासाठी मागचा दाब वाढवतं. खुर्चीत बसलेलं असताना हे निभावून जातं. जिने चढताना निभावत नाही. वाढलेला दाब मागे डाव्या वरच्या कप्प्यात आणि तिथून फुप्फुसांत पोचतो, आणि माणूस दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभा राहतो. खिशात ‘ईएफ ६० टक्के’चा रिपोर्ट असतानाही.

औषधाच्या बाटलीतला ड्रॉपर आठवा. रबर नवं असतं तेव्हा दाबून सोडलं की ते चटकन फुगतं आणि औषध वर ओढून घेतं. तोच ड्रॉपर काही वर्षं कपाटात पडून राहिला की रबर कडक होतं. दाबलं तर दाबलं जातं, पण सोडल्यावर फुगायला वेळ लावतं आणि अर्धंच औषध वर येतं. डायबेटिसमधल्या हृदयाची सुरुवातीची तक्रार नेमकी अशी असते. या सैल होऊन भरण्याच्या काळाला डायस्टोल म्हणतात. त्यातला बिघाड म्हणजे डायस्टोलिक डिसफंक्शन.

स्नायू सैल होणं म्हणजे काही न करणं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आकुंचनाच्या वेळी पेशीत मोकळं सुटलेलं कॅल्शियम पुन्हा कोठारात ओढून न्यावं लागतं आणि त्याला ऊर्जा लागते. डायबेटिसमध्ये हृदयाच्या पेशींना साखर नीट वापरता येत नाही. त्या चरबीवर जास्त अवलंबून राहतात आणि तेवढ्याच कामाला जास्त ऑक्सिजन खर्च करतात. ऊर्जेची चणचण झाली की पहिली ओढाताण सैल होण्याच्या कामाची होते. दुसरीकडे, वर्षानुवर्षं चढलेली साखर स्नायूंमधल्या कोलॅजेनच्या धाग्यांना चिकटते, धागे एकमेकांना जखडले जातात आणि भिंतीचा लवचीकपणा जातो. बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान होतं ते वेगळंच. डोळ्याच्या पडद्यात आणि किडनीत जे होतं त्याचाच हा भाऊबंद. यात बीपीची भर पडली की भिंत जाडही होते, आणि डायबेटिसवाल्यांपैकी बऱ्याच जणांना बीपी सोबतीला असतोच.

हे सगळं धमन्यांतल्या ब्लॉकेजशिवायही होऊ शकतं, हे वैद्यकशास्त्राच्या ध्यानात यायला वेळ लागला. १९७२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या शर्ली रुब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांच्या शवविच्छेदनाची नोंद छापली. चौघांना डायबेटिस होता, त्यातून झालेला किडनीचा आजार होता, हृदय मोठं होऊन निकामी झालं होतं, आणि त्याला जबाबदार ठरेल असा हृदयाच्या धमन्यांचा आजार सापडत नव्हता. ‘डायबेटिक कार्डिओमायोपॅथी’ ही कल्पना तिथून रुजली. दोनच वर्षांनी अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावाच्या दीर्घकालीन अभ्यासातून आकडे आले. डायबेटिस असलेल्या पुरुषांत हार्ट फेल्युअरचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त होतं, स्त्रियांत सुमारे पाचपट. हा बायकांचा आकडा आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. घरातल्या बाईला दम लागायला लागला की ‘वजन वाढलंय’, ‘पाळी गेल्यापासून असंच होतं’ म्हणून विषय मिटवला जातो. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे. तेव्हा हा काही मूठभरांचा प्रश्न नव्हे.

आता यंत्राकडे. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. माणसाच्या कानाला २० हजार हर्ट्झच्या पुढचा आवाज ऐकू येत नाही. इकोचा प्रोब त्याच्या शंभरपट आणि त्याहून वरच्या कंपनांचा आवाज छातीत सोडतो आणि आदळून परत आलेल्या प्रतिध्वनीवरून चित्र बांधतो. रेडिएशन नाही, सुई नाही. याची सुरुवात जहाजांच्या गोदीतून झाली, हे अनेकांना माहीत नसतं. स्वीडनमधल्या लुंडचे डॉक्टर इंगे एडलर यांना ऑपरेशनआधी हृदयाची झडप बाहेरून तपासायची होती. त्यांना हेलमुट हर्ट्झ नावाचा तरुण भौतिकशास्त्रज्ञ भेटला. धातूतल्या भेगा आवाजाने शोधणारं यंत्र माल्मोच्या जहाज कारखान्यात होतं. हर्ट्झने त्यावर प्रयोग करून पाहिला, पुढे सीमेन्सकडून तसलंच यंत्र मिळवलं आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये दोघांनी धडधडत्या हृदयाचे प्रतिध्वनी टिपले. ‘हर्ट्झ’ हे एकक ज्यांच्या नावाने आहे ते हाइनरिश हर्ट्झ या हेलमुटचे चुलत आजोबा. घराण्याचा आणि कंपनांचा संबंध जुनाच म्हणायचा.

प्रत्यक्ष तपासणीला पंधरा-वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. खोलीत अंधार असतो, एसी चालू. वरचे कपडे काढून डाव्या कुशीवर वळायचं, डावा हात डोक्याखाली. या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीजवळ सरकतं आणि मधलं फुप्फुस थोडं बाजूला होतं. मधे हवा आली की आवाज अडतो. गारगार जेल फासतात तेही याचसाठी. छातीला ईसीजीच्या तीन चिकट पट्ट्या लावतात, म्हणजे ठोक्याच्या कोणत्या क्षणी काय दिसलं हे जुळवता येतं. मग बरगड्यांच्या फटींतून, पोटाच्या वरच्या टोकाशी, कधी गळ्याच्या खळग्यात प्रोब दाबून पाहतात. ‘श्वास सोडा... धरा... घ्या’ चालू असतं. भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ हा फलक दिसला तर चक्रावू नका. सोनोग्राफी आणि इकोचं तत्त्व एकच, म्हणून १९९४ च्या कायद्याची नजर या यंत्रांवरही असते.

मधेच यंत्रातून लयीत सूं-सूं असा आवाज यायला लागतो. तो डॉप्लर. आपल्याकडे येणाऱ्या गाडीचा हॉर्न आणि लांब जाणाऱ्या गाडीचा हॉर्न वेगळा ऐकू येतो, ते ज्या तत्त्वाने, त्याच तत्त्वाने रक्त कुठल्या दिशेने आणि किती वेगाने वाहतं हे कळतं. डायबेटिसवाल्यांच्या इकोत खरा माल इथे आहे. ईएफ चित्रावरून मिळतो. हृदय भरतं कसं, हे डॉप्लर सांगतो.

डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात रक्त दोन हप्त्यांत उतरतं. झडप उघडताच खालचा कप्पा सैल होतो आणि रक्त ओढून घेतो, तो पहिला हप्ता. स्क्रीनवर त्याचं टोक उमटतं, त्याला ई म्हणतात. शेवटी वरचा कप्पा आकुंचन पावून उरलेलं रक्त खाली ढकलतो, तो दुसरा हप्ता, ए. तरुण निरोगी हृदयात ई उंच आणि ए बुटका. भिंत सैल व्हायला आळस करू लागली की पहिला हप्ता कमी पडतो आणि वरच्या कप्प्याला जास्त जोर लावावा लागतो: ई बुटका, ए उंच. रिपोर्टमध्ये ‘ई लेस दॅन ए’, ‘इम्पेअर्ड रिलॅक्सेशन’ किंवा ‘ग्रेड वन’ लिहितात ते हेच.

इथे घाबरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. वय वाढलं की हे कमी-अधिक सगळ्यांचंच होतं. साठी-पासष्टी ओलांडलेल्या, डायबेटिस नसलेल्या माणसांतही ई आणि एची अशी उलटापालट सर्रास दिसते. सत्तरीच्या आजोबांच्या रिपोर्टमध्ये ग्रेड वन असेल, बाकी काही तक्रार नसेल, तर ते केस पांढरे होण्याइतकंच स्वाभाविक असू शकतं. तीच ओळ बेचाळीस वर्षांच्या माणसाच्या रिपोर्टमध्ये आली आणि त्याला आठ वर्षांचा डायबेटिस असेल, तर मात्र तिचा अर्थ वेगळा. दुर्दैवाने छापील ओळ दोघांचीही सारखीच असते.

पुढची गंमत अशी की आजार वाढला की चित्र सुधारल्यासारखं दिसतं. ताठ कप्प्यामागे दाब साचत जातो, आणि वाढलेल्या दाबामुळे झडप उघडताच रक्त जोरात खाली येतं. ई पुन्हा उंच होतो. फक्त ई आणि ए पाहणाऱ्याला हे निरोगी हृदय वाटेल! याला ‘स्यूडोनॉर्मल’ म्हणतात, म्हणजे ग्रेड टू. त्याच्याही पुढे ई एच्या दुप्पट किंवा जास्त होतो, तो ग्रेड थ्री. म्हणून नुसत्या ई-एवर भिस्त ठेवून लिहिलेला ‘नॉर्मल’ हा शब्द डायबेटिसच्या माणसाच्या बाबतीत मला पुरेसा वाटत नाही.

हा बनाव उघडा पाडायला टिश्यू डॉप्लर आहे. त्यात रक्ताऐवजी खुद्द स्नायूचा वेग मोजतात. झडपेच्या कडेवर प्रोबचा नेम धरून, भरण्याच्या सुरुवातीला भिंत किती वेगाने वर सरकते ते पाहतात. हा ई प्राइम. रक्त मागच्या दाबामुळे जोरात येऊ शकतं, आजारी स्नायूला मात्र तशी बतावणी सहसा जमत नाही. आतल्या पडद्याच्या बाजूला हा वेग सेकंदाला ७ सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा बाहेरच्या भिंतीला १० पेक्षा कमी आला, तर स्नायू सैल व्हायला कुरकुरतोय असं समजतात. मग रक्ताच्या ईला स्नायूच्या ई प्राइमने भागतात. सरासरी गुणोत्तर १४ च्या वर गेलं तर आतला दाब वाढला असण्याची शक्यता बरीच. ८ च्या खाली असेल तर बहुधा चिंता नाही. मधला पट्टा संदिग्ध, आणि बरेच लोक नेमके तिथेच सापडतात. अशा वेळी डॉक्टर कधी नाक-तोंड बंद करून कुंथायला सांगतात आणि ईचं टोक खाली येतं का ते बघतात. कधी सायकल मारायला लावून किंवा पट्ट्यावर चालवून पुन्हा मोजतात, कारण काही हृदयांची लबाडी श्रमाशिवाय उघडी पडत नाही.

रिपोर्टमधला आणखी एक आकडा मी आवर्जून बघतो: डाव्या वरच्या कप्प्याचं आकारमान, एलए व्हॉल्यूम इंडेक्स. ई आणि ए त्या दिवशीच्या बीपीनुसार, शरीरातल्या पाण्यानुसार बदलतात. डायलिसिसच्या आधी एक दिसेल, नंतर दुसरं. वरचा कप्पा मात्र महिनोन् महिने दाब सोसून हळूहळू फुगतो. रोजच्या साखरेपुढे एचबीए१सीचं, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं, जे स्थान, तेच इथे या आकड्याचं, असं हृदयरोगतज्ज्ञही म्हणतात. शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे ३४ मिलिलिटरपेक्षा जास्त असेल तर कप्पा वाढलेला धरतात. तपासणीआधी उंची-वजन विचारतात ते या भागाकारासाठी. पाच फुटांच्या बाईंना आणि सहा फुटी पैलवानाला एकच माप लावून चालत नाही. अर्थात झडपेचा दोष किंवा ठोक्यांची अनियमितता असेल तर कप्पा त्यानेही मोठा होतो, हे तपासणाऱ्याने लक्षात ठेवायचं.

अलीकडे मोठ्या केंद्रांत ‘जीएलएस’ म्हणून आणखी एक ओळ येऊ लागली आहे, म्हणजे ग्लोबल लॉन्जिट्यूडिनल स्ट्रेन. हृदयाच्या चित्रात स्नायूवर बारीक ठिपके दिसतात. कॉम्प्युटर त्या ठिपक्यांचा ठोक्यागणिक पाठलाग करतो आणि भिंत लांबीच्या दिशेने किती टक्के आखूड झाली ते काढतो. लांबीच्या दिशेचे तंतू प्रामुख्याने भिंतीच्या सर्वांत आतल्या थरात असतात, आणि रक्तपुरवठ्याची टंचाई झाली की झळ आधी त्यांना बसते. गोलाकार फिरणारे मधले तंतू त्यांची कसर भरून काढतात, त्यामुळे ईएफ जागच्या जागी राहतो. पण स्ट्रेन उतरलेला असतो. डायबेटिस असलेल्या, तक्रार नसलेल्या आणि ईएफ उत्तम असलेल्या माणसांतही तो कमी आढळतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आकडा उणे चिन्हात असतो, कारण भिंत आखूड होते. उणे २० चांगला, उणे १४ काळजीचा. ‘मायनस आलंय’ म्हणून हादरलेले लोक असतात. त्यांना एवढं सांगितलं तरी निम्मा ताप जातो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर हा आकडा थोडा वेगळा येतो, म्हणून पुढच्या खेपेला शक्यतो त्याच ठिकाणी तपासावं.

ईएफबद्दलही एक सांगायचं राहिलं. मागच्या वर्षी ६० होता, यंदा ५५ आला, म्हणून हृदय पाच टक्के खराब झालं असं होत नाही. कप्प्याच्या आतल्या कडा आखून मोजला तरी दोन तपासण्यांत पाच-सात टक्क्यांचा फरक पडू शकतो, आणि गर्दीच्या ओपीडीत बऱ्याचदा तो अनुभवी नजरेच्या अंदाजाने लिहिलेला असतो. अंदाज वाईट असतो असं नाही. पण त्यातले चार-दोन टक्के सोन्याच्या तराजूवर तोलू नयेत. ४० किंवा त्याखाली, ४१ ते ४९, आणि ५० किंवा त्यापुढे असे तीन गट उपचारासाठी करतात. गट बदलला तर बोला.

आता सगळ्यात महाग पडणारा गैरसमज: ‘इको नॉर्मल आहे म्हणजे ब्लॉकेज नाही.’ इको हृदयाचा स्नायू, झडपा आणि रक्ताचा प्रवाह बघते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आत काय साचलंय ते साध्या इकोत दिसत नाही. मोठा अडथळा असूनही विश्रांतीच्या वेळी स्नायूला पुरेसं रक्त मिळत असेल, तर इको निर्दोष येऊ शकते. त्यासाठी स्ट्रेस टेस्ट, स्ट्रेस इको, सीटी किंवा अँजिओग्राफी असे वेगळे मार्ग आहेत. इकोत याची अप्रत्यक्ष खूण मिळते ती ‘आरडब्ल्यूएमए’ या अक्षरांत: भिंतीचा ठराविक तुकडा बाकीच्यांबरोबर हलत नाही. ‘नो आरडब्ल्यूएमए’ लिहिलं असेल तर सगळ्या भिंती हलताहेत. डायबेटिसमध्ये मज्जातंतू बधिर झाल्याने छातीत न दुखता हार्ट अटॅक येऊन गेलेला असू शकतो, आणि त्याचा पहिला पुरावा म्हणून एक न हलणारी भिंत इकोत सापडते. ‘मला तर कधीच काही झालं नाही हो’ असं म्हणणारे ते पेशंट खोटं बोलत नसतात.

मग डायबेटिस असलेल्या प्रत्येकाने दरवर्षी इको करावी का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते लोकांना आवडत नाही. तक्रार नसलेल्या डायबेटिक लोकांची हृदयाची चित्रण-तपासणी सरसकट करून फायदा होतो का, हे डीआयएडी नावाच्या अभ्यासात पाहिलं गेलं. न्यूक्लिअर स्ट्रेस स्कॅन करून छुपी ब्लॉकेजेस शोधली, आणि २००९ मध्ये निकाल आला की तपासलेल्या आणि न तपासलेल्या गटांत हार्ट अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यूच्या प्रमाणात ठळक फरक पडला नाही. हा अभ्यास ब्लॉकेजबद्दलचा, इकोबद्दलचा नव्हे, तरी ‘सगळ्यांचं सगळं करा’ या वृत्तीला लगाम घालण्याइतका बोलका आहे. हार्ट फेल्युअर लवकर पकडण्यासाठी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये वेगळा रस्ता सुचवला: वर्षातून एकदा रक्तातला बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी तपासा, आणि तो वाढलेला असेल तर इकोकडे वळा. ताण पडलेला हृदयाचा स्नायू हे रसायन सोडतो. एनटी-प्रोबीएनपीची रेषा १२५ वर धरली आहे. लठ्ठ माणसांत तो मुळात कमी येतो आणि किडनीच्या आजारात जास्त, एवढं ध्यानात ठेवून आकडा वाचायचा.

तक्रार असेल तर मात्र वाट बघण्यात अर्थ नाही. पूर्वी सहज चढायचा तो जिना आता थांबून चढावा लागतो. झोपताना एका उशीच्या दोन उशा झाल्या. रात्री दम कोंडून उठून बसावं लागतं. संध्याकाळी मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ घोट्यावर खोल उमटतो. चार दिवसांत दोन किलो वजन वाढलं. यातलं काहीही ‘शुगरमुळे थकवा’ या खात्यात टाकू नका. गावोगावच्या मोफत इको शिबिरात पाच मिनिटांत उरकलेल्या तपासणीवरही समाधान मानू नका. तिथे ईएफ मिळतो, भिंतीची हालचाल मिळते, तेवढ्यासाठी शिबिर चांगलंच. पण ई प्राइम आणि वरच्या कप्प्याचं मोजमाप रांगेच्या घाईत बहुधा राहून जातं. रिपोर्टमध्ये हे दोन आकडे नसतील तर डॉक्टरांना सरळ विचारावं: ‘डायस्टोलिक फंक्शन मोजलंय का?’

डायस्टोलिक बिघाड निघाला तर करायचं काय, यावर दहा-पंधरा वर्षांपूर्वी डॉक्टरांकडे सांगण्यासारखं कमी होतं. बीपी आटोक्यात ठेवा, वजन उतरवा, मीठ कमी करा, चाला. हे सगळं आजही खरं आहे, आणि सुरुवातीच्या टप्प्यात बीपी आणि वजन उतरल्यावर इकोतले आकडे सुधारलेलेही दिसतात. पण आता औषधांची बाजू बदलली आहे. मुळात साखरेसाठी आलेल्या डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. ईएफ ४० च्या वर असलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत त्यांनी, मुख्यतः हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ कमी करून, फायदा दाखवला. एम्पाग्लिफ्लोझिनचा निकाल २०२१ मध्ये आला, डापाग्लिफ्लोझिनचा २०२२ मध्ये. डायबेटिस असो वा नसो, फायदा दिसला. गोळी स्वतःहून सुरू करण्यासारखी नाही: लघवीच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि उलट्या-जुलाब किंवा उपवासाच्या दिवसांत ती थांबवावी लागू शकते.

उलट बाजूही आहे. साखरेच्या काही गोळ्या कमकुवत हृदयाला मानवत नाहीत. पायोग्लिटाझोन शरीरात पाणी धरून ठेवते. हार्ट फेल्युअर असलेल्यांना ती देत नाहीत. सॅक्साग्लिप्टिनच्या २०१३ च्या मोठ्या चाचणीत हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. म्हणून इकोचा रिपोर्ट फक्त हृदयाच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये राहू नये. शुगरच्या डॉक्टरांनी तो पाहायला हवा, कारण गोळ्या बदलायच्या झाल्या तर चिठ्ठी बहुधा तेच लिहिणार.

जाण्याआधी लोक सर्वांत जास्त विचारतात ते साधंच: उपाशी यायचं का? साध्या इकोला उपाशी राहायची गरज नाही. पोटाच्या सोनोग्राफीला पाणी पिऊन, रक्ताला उपाशी, या सवयीने लोक इकोलाही रिकाम्या पोटी येतात, त्यात सकाळचं इन्सुलिन किंवा गोळी घेतलेली असते, आणि रांगेत अकरा वाजले की दरदरून घाम फुटतो. नाश्ता करून, नेहमीची औषधं घेऊन जा. घशातून नळी घालून करायची इको असेल तर मात्र काही तास उपाशी राहावं लागतं, आणि स्ट्रेस इको असेल तर कुठली गोळी त्या दिवशी थांबवायची हे आधी फोनवर विचारून घ्या. पुढून उघडणारा शर्ट किंवा ब्लाउज सोयीचा पडतो. जुना रिपोर्ट असेल तर तो न्या, आणि शक्य असेल तर त्याची सीडीही.